खंदकातलं पाणी

यामिनी ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या एका फ्रेमच्या दुकानात सहा वर्षं काम करत होती. नागपूरला चित्रकलेचा डिप्लोमा केलेला. इथे ती दुसऱ्यांची चित्रं काचेआड बसवायची. हात असा सफाईदार, की गिऱ्हाईकं तिचं नाव घेऊन यायची.

२००४ च्या मार्चात ऐंशीच्या घरातल्या मिसेस वॉलेस एक जलरंगातलं चित्र घेऊन आल्या. इंग्लंडमधलं जुनं दगडी घर, भोवती पाण्याने भरलेला खंदक, त्यावर छोटा पूल. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा नवरा तिकडे होता, तेव्हा त्याने काढलेलं. तो जाऊन महिनाच झाला होता.

जुना माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कागदाला चिकटून बसला होता. यामिनी ओल्या कापसाने डिंक सैल करत होती, तेवढ्यात कापूस जरा पुढे सरकला. उचलला तर त्याला निळा रंग, आणि खंदकाच्या कोपऱ्यात बोटभर पांढरं.

दुकानात कुणी नव्हतं. तिने रंग काढले, तोच निळा कालवला, ब्रश बुडवला. मग तो तसाच ठेवून नवऱ्याला फोन लावला.

"माउंट थोडा रुंद काप, झाकून जाईल," गिरीश म्हणाला. "उगाच नोकरी घालवू नकोस."

"त्यांना नाही दिसणार रे. मला दिसेल."

तिने मालकाला सांगितलं, मग फोन करून बाईंना. मालक म्हणाला, "बाई काय म्हणतात ते बघू, मग तुझं ठरवू." मिसेस वॉलेस आल्या, चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि ते कागदात गुंडाळून घेऊन गेल्या.

पुढचे आठ दिवस दाराची घंटा वाजली की यामिनी हातातलं काम सोडून दाराकडे बघायची.

नवव्या दिवशी बाई परत आल्या, चित्रासकट.

"दोन दुकानांत दाखवलं. दोघंही म्हणाले, असं रंगवून देतो, तुम्हाला कळणारही नाही."

"मग?"

"मला तेच नकोय. तू खरं सांगितलंस, फ्रेम तूच कर. रंग लावू नकोस, आहे तसंच राहू दे."

मालक आतून ऐकत होता. त्याने माउंटसाठी नवा पुठ्ठा आणून यामिनीसमोर ठेवला. यामिनीने कोरडी, पातळ सुरी घेतली. ती जुन्या माउंटच्या कडेखाली हळूच सरकवली. मिसेस वॉलेस स्टूल ओढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश कर. मला घाई नाही."