परत येण्याचं कारण

सर्व संबंधितांना कळवण्यात येते की, वयाच्या बावन्नाव्या वर्षी अस्मादिक सपत्नीक युरोप पादाक्रांत करणार आहेत. मोहीम दहा दिवसांची. अट एकच, व्हिसा मिळाला तर.

आपण कुठे जाणार, याचं व्हिसाच्या अर्जाला काडीचं कौतुक नसतं. परत कशावरून याल, एवढंच त्याला हवं असतं. मी नोकरीचा दाखला दिला, फ्लॅटचे कागद दिले. एजंटने ते चाळले आणि विचारलं, "घरी कोण असतं?"

"आई. शहाऐंशीची आहे, अंथरुणातच असते. तेवढे दिवस ताई येणार आहे."

"अहो, मग आधी सांगायचं ना! डॉक्टरांचं पत्र आणा. याच्याइतकं भक्कम काही नाही."

आणलं. 'आई सर्वस्वी मुलावर अवलंबून आहे,' अशी त्यात एक ओळ होती. रिक्षात मी ती दोनदा वाचली. नोकरी संपेल, फ्लॅट विकता येईल. मला घराकडे ओढणारं खरं काही असेल, तर ते त्या ओळीत कूस न बदलता पडून होतं. ही ओळ गेली की मी कुठेही जायला मोकळा. आणि दार उघडताच "आलास का रे?" म्हणणारंही कुणी नसेल.

रोज सकाळी "देवा, ने रे आता" म्हणणाऱ्या आईने ते पत्र भिंगाखाली धरून सावकाश वाचलं. मग वैतागून म्हणाली,

"म्हणजे तू परत येईपर्यंत मला मरायचीसुद्धा सोय नाही!"