शेडमधली पिवळी पुडी

आमच्या सुलक्षणावहिनी इकडे विलायतेत, एजवेअरच्या पार्कात गवतावर पालथ्या पडलेल्या पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा माझ्या हातातली पिशवीच गळून पडली. म्हटलं, चक्कर आली की काय! धावत गेले तर बाई कॅमेरा रोखून म्हणतात, "नीना, हलू नकोस गं, कोळी पळेल."

कोळी! अगं बाई! जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली बाई रिटायर झाल्यावर क्रूझवर जाईल, नातवंडांत रमेल. ही कोळ्यांच्या मागे लागली! मला तर ते पाय बघूनच शिसारी येते. पण वहिनी सांगायला लागल्या की ऐकावंच लागतं. ऑक्टोबरात पार्कातल्या लाकडी शेडच्या कोपऱ्यात एका कोळिणीने पिवळ्या धाग्यांची पुडी करून अंडी घातली आणि बिचारी मरून गेली. वहिनींनी अख्खा हिवाळा त्या पुडीवर पहारा दिला. पिल्लं बाहेर पडतानाचा एक फोटो त्यांना हवा होता, बस्स. पुडीचा फोटो रोज व्हॉट्सअ‍ॅपवर नवऱ्याला जायचा. शशिधररावांचं लगेच उत्तर, "व्वा, छान!" मला हेवा वाटायचा. आमच्याकडे कुठलं एवढं कौतुक!

आमच्या मराठी मंडळाची महाराष्ट्र दिनाची पिकनिक नेमकी त्याच शेडमध्ये ठरली. वाटेत वहिनी म्हणाल्या, "पुडीचा रंग बदललाय गं, आज-उद्यात फुटणार." लहान मुलीसारख्या भराभर चालत होत्या. बटाटेवड्यांचे डबे घेऊन आम्ही पोचलो, तर शशिधरराव बाह्या सरसावून, लांब दांड्याचा झाडू घेऊन उभे. चेहरा नुसता फुललेला.

"बघ! पाहुणे यायच्या आत सगळी जळमटं काढली. एक म्हणून ठेवलं नाही!"

कोपरा लख्ख होता. वहिनींनी डबा बाकावर ठेवला, झाडू ओढून घेतला आणि त्याचे केस एकेक करून चाचपले. चिरडलेले पिवळे धागे तेवढे बोटांना चिकटले.

"अहो, हा कोपरा ओळखीचा नाही वाटला तुम्हाला?"

"मला? मी कुठे आलोय इथे कधी?"

"रोज पाठवत होते की मी."

शशिधरराव गोरेमोरे झाले. मी मनात म्हटलं, अहो, निदान खोटं तरी बोला! पण ते भाबडेपणाने म्हणाले, "अगं, उघडून कुठे बघतो मी? तुला बरं वाटतं म्हणून लिहायचो."

इतके महिने, एकही फोटो नाही? वहिनींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि गेटमधून मंडळी आत येताना दिसली.

"अगं, रडतेस काय, लोक येताहेत," शशिधरराव कासावीस होऊन म्हणाले. "कोळीच ते, पुढच्या वर्षी पुन्हा होतील."

"कोळ्यांसाठी नाही रडत मी," वहिनी म्हणाल्या.