मागे मागे चालणारा

ऐंशी सालच्या आसपास आम्ही कॉलेजची पोरं अपंगांसाठी मदत गोळा करत पुण्याहून मुळशीकडे सायकलींवर निघालो होतो. वाटेत पौडच्या शाळेत कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर होतं. तिथं एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने नवा पाय बांधून घेतला, धोतर खोचलं आणि पटांगणात दहा पावलं चालून दाखवलं. आम्ही टाळ्या पिटल्या. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. उलट कमरेत वाकून तो मागे मागे सरकू लागला. तोल गेला असं वाटून मी धावत जाऊन त्याला धरलं.

"सोडा वो! पुढं काय, कुनीबी चालंल. भात लावताना मागंच सरकावं लागतंय."

मी ओशाळून हात सोडला. वाकलेलाच तो पार कुंपणापर्यंत मागे गेला, ताठ उभा राहिला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "हां, आता वाजवा."