यादीतला चौथा प्रश्न

आमच्या खासदारावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात त्याने एक काम धड केलं असं निघणार आहे, आणि ते लिहिताना माझा हात अजून अडतो.

लालबागला आमची चाळ गिरणीच्या आवारात आहे. गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, पण जमीन आणि चाळ केंद्राच्या एका महामंडळाकडे राहिली. म्हणजे आमच्या संडासाचं दार निखळलं तरी मालक दिल्लीत. वॉर्ड ऑफिसात गेलं तर म्हणतात आमचा विषय नाही, मंत्रालयात गेलं तर म्हणतात केंद्राचा विषय आहे. गॅलरीला लावलेले लोखंडी टेकू गंजून आता त्यांनाच टेकू द्यायची वेळ आली, तरी विषय कोणाचा ते ठरेना.

त्या वर्षी पुनर्विकासाचा एक सल्लागार चाळीत फिरायला लागला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि त्यावर कंपनीचं नाव एवढं बारीक की वाचायचं तर त्याच्या छातीला नाक लावावं लागेल. त्याच्या बॅगेत संमतिपत्रं होती. सही करायची, खोली रिकामी करायची, मानखुर्दच्या पलीकडे ट्रान्झिट कॅम्पात जायचं, आणि नवी इमारत उभी राहिली की परत यायचं. परत म्हणजे कुठे, ते कागदात नव्हतं. ‘पुनर्वसन करण्यात येईल’ एवढंच. परत येतो म्हणून गिरणगावातून गेलेली आणि विरार-बदलापूरची होऊन बसलेली माणसं आमच्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत.

बाबांच्या मागे आमची खोली आईच्या नावावर झाली. म्हणजे सही आईची. आणि आई सही करायच्या बेतात होती. तिचे गुडघे गेलेत, आम्ही तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला. मी काही समजवायला गेले की ती तिच्या मालवणीत एवढंच म्हणायची, “लढो तुमचो, पाय माझे.”

मी त्याच जागेवर घर मागणाऱ्या चाळ कमिटीची पत्रकं लिहायचे. पत्रक म्हणजे अर्धा कागद, वर ठळक अक्षरात एक ओळ आणि खाली शिव्या सोडून सगळं. दिवसा परळच्या टॉवरमध्ये नोकरी, संध्याकाळी ही छपाई. त्यात एक दिवस खासदाराच्या ऑफिसातून निरोप आला की साहेबांनी चाळींबद्दल लोकसभेत विचारलेला प्रश्न लागलाय, आणि तोही तारांकित. बिनताऱ्याच्या प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर मिळतं. तारा असला की मंत्र्याला सभागृहात उभं राहावं लागतं, आणि विचारणाऱ्याला वर आणखी दोन पूरक प्रश्न टाकता येतात. यादीत आमचा चौथा होता. चौथा म्हणजे आशा होती. खालच्यांपर्यंत तासाभरात कोणी पोहोचत नाही.

चाळ खूश झाली. मला संशय आला. गणपतीत नारळ वाढवण्यापलीकडे या माणसाने आमच्या आवारात पाऊल टाकलं नव्हतं, आणि आत्ताच याला चाळ कशी आठवली? सल्लागाराची मोटरसायकल मी स्वतः याच्या ऑफिसखाली उभी पाहिलेली. मी प्रश्नाचा मजकूर मिळवून वाचला. ‘सरकार या चाळींच्या पुनर्विकासाचा विचार करत आहे काय?’ यात ‘त्याच जागेवर’ हे दोन शब्द कुठे आहेत? मंत्री ‘होय’ म्हणणार आणि इथे खाली सल्लागार सांगणार की बघा, दिल्लीने हो म्हटलं, करा सह्या. मी पत्रक काढलं: ‘दिल्लीत नाटक, चाळीत सह्या!’ खाली लिहिलं की खासदार विकला गेलाय. घराघरांत टाकलं. आदल्या संध्याकाळी कळलं की सल्लागार दुसऱ्या दिवशी सकाळीच जिन्याखाली टेबल टाकणार आहे. वेळ तीच, लोकसभेत प्रश्नोत्तरं सुरू होतात ती, अकराची. मग तर माझी खात्रीच झाली.

मी रजा टाकली. मंडळाच्या खोलीत कॅरमचा बोर्ड भिंतीला उभा करून टीव्ही लावला. चाळ कमिटीचे सेक्रेटरी पुढच्या खुर्चीत बसले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं आयुष्य काढलेले, संपातले, आवाज अजून गेट मीटिंगचा. बायका चटईवर, त्यांत आई भिंतीला टेकून पाय पसरून.

सुरुवातीला सभागृहाने एका माजी सदस्याला श्रद्धांजली वाहिली. अध्यक्षांनी चार वाक्यं वाचली आणि सगळे उभे राहिले. बघते तर आमच्या खोलीतल्या बायकाही पदर सावरत उठल्या. आईसुद्धा भिंतीला धरून उठली. कोण होता, कुठला होता, कोणाला ठाऊक नाही. पण माणूस गेलाय आणि समोर सगळे उभे आहेत, तर बसून कसं राहायचं? दिल्लीतले बसले तेव्हाच त्या बसल्या.

मग काम सुरू झालं. बाकं निम्मी रिकामी. पहिला प्रश्न विचारणारा सदस्यच आला नव्हता. अध्यक्षांनी नाव घेतलं आणि पुढे सरकले. एका काकींनी विचारलं, मग याचा पगार कापतात का? दुसरा प्रश्न कुठल्याशा किनाऱ्यावरच्या मासेमारी बंदराचा, तिसरा कुठल्या तरी राज्यातल्या उड्डाणपुलाचा. पुलावर मंत्री इतका वेळ बोलला की पूल बांधून झाला असता, असं सेक्रेटरी म्हणाले. मी घड्याळाकडे बघत होते आणि मला वाटत होतं की हा मुद्दाम लांबवतोय. मागच्या बाकावर एक जण मोबाइलवर काही बघून हसत होता. तोही कटात असावा असं मला वाटलं. त्या दिवशी मला सगळेच कटात वाटत होते.

आणि मग आमच्या खासदाराचं नाव पुकारलं. तो उठला, ‘अध्यक्ष महोदय, प्रश्न क्रमांक’ आणि पुढे तो आकडा, एवढंच म्हणाला आणि बसला. मंत्री उठले, ‘विवरण सभापटलावर ठेवलं आहे’ एवढं म्हणाले आणि तेही बसले.

लोकसभेत हे रोज असंच होतं. छापलेला प्रश्न कोणी वाचत नाही, छापलेलं उत्तरही कोणी वाचत नाही. खरा प्रश्न त्याच्यानंतर, पूरक म्हणून येतो. मला हे माहीत होतं. पण चाळीतल्या माणसांनी आयुष्यभर प्रश्न विचारणं म्हणजे गेटवर पिंपावर उभं राहून घसा फोडणं, एवढंच पाहिलेलं. नंबर सांगून खाली बसलेला माणूस म्हणजे त्यांच्या हिशेबी मॅनेज झालेला माणूस.

सेक्रेटरी उठले. “संपलं. उठला, नंबर सांगितला, बसला. पोरीने लिहिलं होतं ते खोटं नाही. नाटकच.”

“काका, थांबा, आता पूरक प्रश्न येईल,” मी ओरडले.

“कसला पूरक? तूच लिहिलंयस ना गं, विकला गेलाय म्हणून? मग विकलेल्या माणसाची वाट कशाला बघायची?”

खुर्च्या सरकल्या. बायका उठल्या. कोणी म्हणालं, दिल्ली जर अशीच बसणार असेल तर आपण कशाला टेकूखाली मरायचं, खाली टेबल लागलंय. आणि त्या गर्दीत आई कधी उठली, कधी चपला घातल्या, मला कळलं नाही. दारातून बघितलं तर ती कठडा धरून जिना उतरत होती.

मी दारात अडकले. तिच्यामागे गेले तर तिकडे काय विचारलं, काय उत्तर आलं, हे ऐकणारं चाळीत कोणीच नव्हतं. आणि ऐकल्याशिवाय खाली जाऊन तिला सांगणार काय? आईला मी हाक मारली. तिने मागे बघितलं नाही. मी टीव्हीसमोर परत आले.

सभागृहात मध्येच कसला तरी गोंधळ उठला होता, तो निवल्यावर अध्यक्षांनी खासदाराला पूरक विचारायला सांगितलं. तो हिंदीत बोलला, आपल्याकडच्या हिंदीत. म्हणाला, या चाळीतल्या माणसांनी गिरणी चालवली, गिरणी गेली, आता त्यांना उपनगरापलीकडे पाठवायचं चाललंय. मंत्री महोदयांनी स्पष्ट सांगावं, घर त्याच आवारात मिळणार की नाही? दुसरा पूरक तर मी लिहिला असता तरी इतका सरळ लिहिला नसता. सरकारचा निर्णय व्हायच्या आधी चाळीत संमतिपत्रं गोळा होतायत, ती कोणाच्या परवानगीने? मी उभी होते ती खाली बसले. याला हे कोणी लिहून दिलं? का दिलं? यामागे काय आहे?

मंत्री म्हणाले की सरकारने अशी परवानगी कोणालाही दिलेली नाही. आणि रहिवाशांना शक्यतो त्याच आवारात घरं देण्याचा प्रयत्न राहील. मग पाचव्या प्रश्नाचं नाव पुकारलं.

मी जिने उतरत नाही, उड्या मारते, असं आई नेहमी म्हणते. त्या दिवशी तसंच झालं. खाली टेबलापुढे रांग होती. सेक्रेटरी सही करून बाजूला उभे होते, चेहरा पडलेला. आणि आई खुर्चीत. तिच्यापुढे कागद, पेन सल्लागाराच्या हातात, तो तिच्या बोटांत द्यायला वाकलेला.

मी धापा टाकत म्हटलं, “आई, नको. मंत्री म्हणाला कोणाला परवानगीच दिलेली नाही.”

सल्लागार हसला. ही ताई राजकारण करतेय, म्हणाला. “आई, तुम्ही करा हो सही. आज करणाऱ्यांना कॅम्पात तळमजला. उद्या माझी गॅरंटी नाही.”

आईने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे नाही, कागदाकडे. बाजारात मासेवाली घाई करायला लागली की आई आधी कल्ले उघडून बघते, तसं तिने तो कागद उचलून मागे-पुढे पाहिला आणि परत ठेवला.

“काल माका ‘ओ मावशी, बाजूला’ म्हणा होतो,” ती रांगेतल्या बायकांना म्हणाली, “आज आई म्हणता, खुर्ची देता. आजच कित्याक? फाल्यां मी मरतलंय काय?”

बायका हसल्या. आई खुर्चीचा हात धरून उठली आणि जिन्याकडे वळली. माझं बोलणं ऐकून ती उठली असं मला म्हणायला आवडलं असतं. ते खरं नाही.

वर खोलीत ती पाणी प्यायली आणि मंत्री नक्की काय बोलला ते तिने विचारलं. मी सांगितलं. ‘शक्यतो’ ती दोनदा घोळवत बसली. म्हणाली की मी शक्यतो जेवायला येते म्हणते त्या दिवशी ती माझं ताट मांडत नाही. पण परवानगी नाही, हे ती पक्कं धरून बसली. मग म्हणाली, “आणि आमच्या खासदारान काय केल्यान?”

मी म्हटलं, विचारलं त्याने. चांगलं विचारलं. पण त्यामागे काहीतरी असणारच, निवडणूक असेल, महामंडळाशी त्याचं स्वतःचं काही बिनसलं असेल.

“आसात,” आई म्हणाली. “पण तो उभो रवलो, इचारल्यान. तां लोकांक सांग.”

संध्याकाळी आम्ही दोघी दारोदार गेलो. प्रत्येक दारात माझंच पत्रक मला ऐकावं लागलं. अगं, तूच म्हणालीस नाटक, आता म्हणतेस चांगलं विचारलं. तुला काय मिळालं? मला इतका संताप आला की एका दारात मी चक्क भांडले. आई मध्ये पडली आणि म्हणाली, मी सही केलेली नाही. एवढ्याने ते दार ऐकायला लागलं. मग प्रत्येक दारात आधी तीच बोलली. आमच्या मजल्यावरच्या बायकांनीही अजून सह्या केल्या नव्हत्या, ते त्यातच कळलं.

सेक्रेटरींनी दार उघडलं तेव्हा ते सरळ म्हणाले की त्यांनी रागात सही केली, आता ती परत घेता येईल का? मला माहीत नव्हतं. आई त्यांच्या उंबऱ्यावरच बसली आणि म्हणाली, खासदाराला इथे बोलवा. दिल्लीत जे विचारलं त्याचं उत्तर चाळीत येऊन सगळ्यांना सांगू दे, आणि त्या टेबलवाल्याच्या तोंडावर सांगू दे. उद्या टेबल परत लागायच्या आत.

फोन मी लावला. आयुष्यात पहिल्यांदा ‘साहेब आहेत का’ असं विचारलं. त्याच्या पीएने नाव विचारलं.

“तुम्ही त्या पत्रकवाल्या ना?”

“हो, तीच.”

तो म्हणाला, साहेब उद्या सकाळी उतरतायत, पण जिथे त्यांना विकलेला म्हणतात तिथे ते कशाला येतील? आणि आले तर माणसं किती जमतील? मला वाटलंच होतं, पहिला प्रश्न हाच येणार. माझ्या तोंडात एक झणझणीत वाक्य तयार होतं. आईने हात पुढे केला आणि फोन काढून घेतला.

“ऐका,” ती त्याला म्हणाली. “माझी सही अजून माझ्याकडेच हा. ह्या मजल्यावरच्या बायकांची पण. तेवडा सायबांक सांगा.”

पलीकडून तो काहीतरी बोलत होता. तिने ऐकून घेतलं नाही. फोन माझ्या हातात दिला, दाराची चौकट धरून उठली आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.