उपाशी पिंजरा

डास पाळणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. 'काय करता?' एवढं कुणी विचारलं, की नवा किस्सा तयार! चिखलीजवळच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही डासांचं खाणंपिणं बघतो. रोगाचे जंतू अंगात शिरले की डासाचं शरीरही त्यांच्याशी झुंजतं. खाण्यामुळे ती ताकद किती बदलते, हे आम्ही तपासतो.

*

वाकडच्या आमच्या सोसायटीत हे कळलं, तेव्हा चेअरमनकाका लिफ्ट सोडून माझ्यासमोर उभे राहिले.

"आम्ही मेंटेनन्समधून फवारणी करायची, आणि तुम्ही त्यांना साखरपाणी पाजायचं? वा, मॅडम!"

त्यानंतर कुणाच्याही घरात डास दिसला, की अख्खी बिल्डिंग माझ्याकडे बघायची.

*

माझा भाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याला सांगितलं, "नीट खाल्लेला डास जास्त झुंजतो. उपाशी ठेवलेला लवकर हरतो."

डबल शिफ्ट करून आला होता बिचारा. म्हणाला, "ताई, हे जरा आमच्या कँटीनवाल्याला सांग ना!"

हसलो आम्ही. पण त्याचे बसलेले गाल बघून मला वाईट वाटलं.

*

आमच्याकडे वैशाली पीएचडी करते. लातूरची, रहाटणीत खोली घेऊन राहते. फेलोशिप संपत आलेली. त्याआधी प्रयोग झाला नाही, तर सगळं सोडून गावी परत. तिचे दोन पिंजरे होते: एकात साखरपाणी, दुसऱ्यात नुसतं पाणी.

एका दुपारी आमचे मदतनीस सलीमभाऊ यांनी उपाशी पिंजऱ्यातही साखरपाण्याचा कापूस ठेवला. प्रयोग बाद!

"भाऊ, असं का केलंत?" वैशालीला रडूच फुटलं.

"डासांच्या खोलीच्या काचेअलीकडे बसून जेवतो मी. समोर उपाशी जीव असताना डबा कसा उघडू, सांगा!"

यावर रागवायचं तरी कसं? वैशालीने पहिल्यापासून सुरुवात केली.

*

वेळ भरून काढायला तिने जेवणच बंद केलं. सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी बिस्किटं. मधे डेंग्यू झाला, तरी अंगात त्राण नसताना परत कामावर. आम्ही सांगून थकलो. शेवटी लातूरहून तिची आई आली.

वैशाली कौतुकाने तिला सगळं दाखवत होती. "आई, हे खाऊनपिऊन असलेले. हे उपाशी. आजारात कोण तग धरतं, ते बघायचं."

आईने दोन्ही पिंजरे नीट निरखले. मग लेकीचं मनगट हातात घेतलं.

"आन् तू गं माय, कोणत्या पिंजऱ्यातली?"