राहिलेलं तिसरं पान

मी सातवी शिकलेली बाई. बाकीचं शिक्षण वाचनालयाने केलं. बायकांची आत्मचरित्रं एकापाठोपाठ एक वाचत गेले आणि माझ्या ध्यानात आलं, की बऱ्याच जणींनी नवरा गेल्यावरच लेखणी हातात धरली. मग काय, डोंबिवलीच्या आमच्या लिहित्या बायकांच्या गटात मी ऐटीत नियम काढला: ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवायचं, तो जिवंत असताना. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हातारीला नाही कोण म्हणणार.

गटातल्या, मोहने गावच्या एकीने तीन पानं लिहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नवऱ्याने तिचा हात तापल्या तव्यावर दाबून धरला होता, तिथून सुरुवात. रविवारी जेवणं झाल्यावर ती त्याला वाचून दाखवायला बसली. दुसऱ्या पानावर त्याने पोळपाट उचलला. दोन दात पडले, जबडा मोडला.

कल्याणच्या दवाखान्यात गेले तर जबडा तारांनी बांधलेला. म्हटलं, "माझ्या शहाणपणामुळे झालं गं. मोडते तो नियम." तिने खुणेने वही मागितली आणि लिहिलं, "काकू, तिसरं पान राहिलंय."

"मरायचंय का तुला?"

तिने खाली लिहिलं, "या वेळी सगळ्या या."

तक्रार झाली होती, तो जामिनावर सुटूनही आला होता. तारा निघाल्यावर ती मुलीला माहेरी ठेवून आली, आणि आम्ही चौघी तिच्याबरोबर गेलो. आमच्यातली ठाण्याच्या खाडीवरची कोळीण रिक्षात म्हणाली, "काय गो, कोयता घ्यायला हवा होता."

"हात आहेत ना, पुरे," मी म्हटलं.

दार उघडून तो म्हणाला, "आलं महिला मंडळ. चहा कोण ठेवतंय?"

तिने उभ्यानेच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानात तव्यानंतर दोन वर्षांनीची एक दुपार होती. तो झोपलेला, शेजारी तान्ही मुलगी, आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलून ती त्याच्या डोक्याशी उभी.

त्याने झेप घेऊन तिचे केस धरले. कोळणीने त्याचा हात मागे पिरगाळला, खांद्यातून कट् आवाज आला. त्याची लाथ माझ्या नडगीवर बसली, रक्त पायावर उतरलं. केस त्याच्या मुठीत, मान वाकडी, तरी तिचं वाचन चालूच. मुलीने कूस बदलली म्हणून तिने वरवंटा खाली ठेवला, इथे पान संपलं.

त्याची मूठ सुटली. "खरंच उचललेलास?"

"लिहिलंय ना."

त्याचा खांदा लोंबत होता आणि मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला.

आम्ही तिचे आणि मुलीचे कपडे पिशव्यांत भरले. तो स्वयंपाकघराच्या दारातून दिसणाऱ्या वरवंट्याकडे बघत बसला होता. आम्ही चपला घातल्या तरी त्याची नजर तिथून हलली नव्हती.