साडूंनी काढलं नाही ते

एका मंगळवारी माझी पत्नी गेली. पंधरा दिवसांनी तिचा फोन अडकायला लागला आणि मी साडूंना बोलावलं.

साडू म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. वस्तूतून काहीतरी काढून टाकल्याशिवाय ती आपली झाली असं न मानणारा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात नसेल. ते कागलच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीला होते. तिथे मशीनमधलं काही कमी झालेलं चालत नसे, त्याची भरपाई ते घरी करत. नवा फ्रीज आला त्या दिवशीच त्यांनी आतला दिवा काढला, कारण आत काय ठेवलंय ते ठेवणाऱ्याला ठाऊक असतं. सायकलची घंटी काढली, कारण माणसाला तोंड आहे. नव्वद सालच्या सुमाराला, नंबर लावून मिळालेल्या स्कूटरची स्टेपनी त्यांनी माळ्यावर टाकली आणि जयसिंगपूरला लग्नाला निघाले. अर्ध्या वाटेत चाक पंक्चर झालं. मांडव उतरवताना ते घामाघूम होऊन पोचले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, स्टेपनी नव्हती म्हणून ढकलायला तरी हलकी गेली.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांची सुगीच सुरू झाली. कुणाकडेही गेले की चहा होईपर्यंत चार-सहा प्रोग्रॅम उडवून मोकळे. कळंब्याला आमच्या घरी त्यांनी पत्त्यांचा खेळ काढून टाकला. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर दुपारचा माझा तेवढाच उद्योग होता, पण ते सांगायची मला लाज वाटली.

मग आमच्या मुलीने कॅनडाहून दोन सारखे स्मार्टफोन पाठवले, एक आईला आणि एक मावशीला. मावशीचा फोन अर्थातच साडूंच्या हाती गेला. कंपनीने आधीच घालून दिलेली अ‍ॅप काढता येत नाहीत हे कळल्यावर त्यांना तो घरात घुसलेला भाडेकरू वाटला. आठवडाभर खटपट करून त्यांनी फोन रूट केला, म्हणजे कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला अधिकार काढून घेतला. "जे मी मागितलंच न्हाय, ते माझ्या घरात कशाला?" असं म्हणत शेअरबाजार काढला, बातम्या काढल्या. त्या भरात फोन लावायचं अ‍ॅपही गेलं. तीन दिवस कुणाचा फोन आला नाही आणि साडू सगळ्यांना सांगत होते की फोन आता कसा निवांत झालाय. माझी पत्नी हसून हसून जमिनीवर बसली. तिचाही फोन तसाच करून द्यायला ते आले, तेव्हा तिने तो पदराखाली धरला आणि शेवटपर्यंत दिला नाही.

तोच फोन आता मेमरी भरून बंद पडत होता. तिचे मेसेज त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. ते तेवढे जाऊ देऊ नका, असं मी साडूंना सांगितलं खरं, पण त्यांच्या हाताकडे बघवत नव्हतं.

दुपारपर्यंत फोन रूट झाला. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. काढायच्या आधी विचारलं.

"पावणं, हे आक्का वापरायच्या?"

मला माहीत नव्हतं. दुसरं दाखवलं, तेही माहीत नव्हतं. मग ते एकेक अ‍ॅप स्वतः उघडून बघायला लागले. हात न लागलेले खेळ काढले, गाण्यांचं दुकान काढलं. मग हवामान उघडलं. वर कोल्हापूर होतं. खाली आमच्या मुलीचं गाव, उणे अठरा.

रोज सकाळी चहा देताना माझी पत्नी सांगायची, आज तिकडे बर्फ पडतोय. मुलीचा फोन आला असेल, असं मी धरून चालायचो.

साडू चष्मा काढून म्हणाले, "आमच्या हिच्या फोनातनं हे मी पैल्याच दिवशी काढलंय. ती काय बोलली न्हाय."

हवामान त्यांनी राहू दिलं. मेसेज सगळे शाबूत राहिले. चहा न घेताच ते घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत बसून बायकोच्या फोनात ते अ‍ॅप परत घातलं, असं मेहुणीने नंतर सांगितलं. त्यातही त्यांनी तेच गाव घालून दिलं होतं.

आता साडूही नाहीत. फोन माझ्या टेबलाच्या खणात असतो, चार्ज केला की चालू होतो. अ‍ॅप जुनं झाल्यामुळे हवामान यायचं बंद झालंय. दोन गावांची नावं तेवढी दिसतात.